झिरो माइल आणि पंधरा अक्षरांचा शब्द

सीताबर्डीच्या झिरो माइलला वालुकाश्माचा खांब आणि चार घोडे आहेत, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही. १९०७ सालची ही खूण ज्या मोजणीची, तिचं नाव ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. विल्यम लॅम्बटन यांनी १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा मोजून तिची सुरुवात केली आणि १८२३ मध्ये नागपूरकडे येत असताना हिंगणघाटला त्यांचं निधन झालं. आपल्याला इथे हवा आहे तो त्या नावातला मधला शब्द. टी-आर-आय-जी-ओ-एन-ओ-एम-ई-टी-आर-आय-सी-ए-एल. मोजून पाहा, पंधरा अक्षरं होतात. इंग्रजी अक्षरांच्या टाइल, म्हणजे छोट्या सोंगट्या, लावून शब्द जुळवायच्या स्क्रॅबल या खेळात बोर्डची एक ओळही पंधरा घरांची असते. म्हणजे हा शब्द या कडेपासून त्या कडेपर्यंत बरोबर बसतो, एक घर कमी नाही की जास्त नाही.

हा शब्द पाठ करायची गरज नाही. शाळेतला ‘त्रिकोणमिती’ आठवा. त्रि, कोण, मिती हे त्याचे तीन तुकडे. इंग्रजीतही तीनच तुकडे: ट्राय, गॉन, मेट्री. अर्थ तोच आणि क्रमही तोच. ‘त्रि’ आणि ‘ट्राय’ हे सख्खे भाऊ आहेत. ‘मिती’ ज्या ‘मा’ म्हणजे मोजणे या धातूतून येते, त्याच्याशीच भाषाशास्त्रज्ञ ग्रीक ‘मेट्रॉन’चं नातं जोडतात. मात्रा, परिमाण, प्रमाण, अनुमान ही आपल्याकडची भावंडं, तर मीटर, जॉमेट्री, डायमीटर ही तिकडची.

लांब इंग्रजी शब्दांकडे असंच पाहायचं. तो एक अखंड दगड नसतो. मधे धातू, पुढे उपसर्ग, मागे प्रत्यय आणि सांध्यावर संधी असते. संधी आणि समास दहावीपर्यंत घोकलेल्या मराठी माणसाला ही गोष्ट खरं तर इंग्रजी माध्यमाच्या मुलापेक्षा लवकर कळायला हवी. अडचण एवढीच की कोणता तुकडा कुठे जोडला जातो आणि कुठे नाही, हे नेमकं माहीत असावं लागतं. अंदाजाने जोडलेला शब्द चॅलेंजमध्ये, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने हरकत घेतल्यावर, पडतो, टाइल परत उचलाव्या लागतात आणि पाळी वाया जाते.

आधी मीटर

रॅकवर, म्हणजे खेळाडूच्या समोरच्या पट्टीवर, सातच टाइल असतात, त्यामुळे दहा-बारा अक्षरांचा शब्द एका पाळीत हातातून येत नाही. तो बोर्डवर आधीच असलेल्या शब्दाला जोडून होतो. म्हणून पुढून आणि मागून वाढणारे शब्द कोणते, हे माहीत असणं फार उपयोगाचं. एम-ई-टी-ई-आर, म्हणजे मीटर, हा त्यातला अव्वल शब्द. त्याच्या पुढे दोन टाइल लावल्या तर ॲमीटर होतो. तीन लावल्या तर डायमीटर, ओडोमीटर आणि भूमिती करणारा जिओमीटर. चार लावल्या तर बॅरोमीटर, पेरिमीटर, पॅरामीटर, अल्टीमीटर, पेडोमीटर, व्होल्टमीटर, टॅक्सीमीटर. पाच लावल्या तर सेंटीमीटर, हायड्रोमीटर, हायग्रोमीटर, टॅकोमीटर, पेंटामीटर आणि दूधवाल्याच्या ओळखीचा लॅक्टोमीटर. सहा लावल्या तर थर्मोमीटर, स्पीडोमीटर, क्रोनोमीटर. या प्रत्येकाला मागून एस लागतो, तो वेगळा.

बीपी मोजणाऱ्या यंत्राचं इंग्रजी नाव स्फिग्मोमॅनोमीटर. अक्षरं सोळा. बोर्डवर ते मावतच नाही, त्यामुळे त्याच्या स्पेलिंगवर डोकं शिणवू नका. मात्र त्याच्या पोटातला मॅनोमीटर नऊ अक्षरांचा आहे आणि तो चालतो.

इथे पहिली चूक कानामुळे होते. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की नागपुरात जो तो ‘थर्मामीटर’ म्हणतो. स्पेलिंगमध्ये मात्र थर्मच्या पुढे ओ आहे, ए नाही. ‘मीटर’ ऐकून एम-आय-टी-ई-आर किंवा एम-ई-ई-टी-ई-आर लावणारेही असतात. गंमत म्हणजे हे दोन्ही शब्द खेळात मान्य असलेल्या शब्दांच्या यादीत आहेत. पहिला बिशपच्या उंच टोपीचा किंवा सुताराच्या तिरप्या सांध्याचा, दुसरा भेटणाऱ्याचा. त्यामुळे लावताना कोणी हरकत घेत नाही, पण पुढच्या पाळीला त्याच्या आधी डी-आय-ए जोडायला गेलात की अडकता.

सांध्यावर ओ घ्यायचा की आय, हा दुसरा प्रश्न. याला बऱ्यापैकी भरवशाचा नियम आहे. पुढचा तुकडा ग्रीक असेल तर सांध्यावर ओ येतो: थर्म म्हणजे उष्णता, क्रोन म्हणजे काळ, बार म्हणजे वजन, हायड्र म्हणजे पाणी, हायग्र म्हणजे ओल. तुकडा लॅटिन असेल तर आय येतो: सेंट म्हणजे शंभर, मिल म्हणजे हजार, अल्ट म्हणजे उंच, कॅलर म्हणजे ऊब. म्हणून थर्मोमीटर पण कॅलोरीमीटर. दोन्ही उष्णतेशीच निगडित, तरी एकात ओ आणि दुसऱ्यात आय. ओ-आर-आय-ई नाही, ओ-आर-आय, एवढं लक्षात ठेवा. पेरी, पॅरा, डाया हे ग्रीक उपसर्ग आहेत आणि त्यांचा स्वर त्यांचा स्वतःचाच असतो, तिथे सांध्याचा प्रश्न येत नाही.

नियमाबाहेरचे चार शब्द तेवढे वेगळे लिहून ठेवावेत. स्पीड हा शब्द ग्रीकही नाही आणि लॅटिनही नाही, पण त्याने ओ उचलला. लॅक्ट म्हणजे दूध, शब्द लॅटिन, तरी ओ. ऑडिओमीटरचा ऑडिही लॅटिन, तिथेही ओ. उलट डोसिमीटरमधला डोस ग्रीक असून त्याला आय लागतो.

तिसरी चूक ब्रिटिश स्पेलिंगची आहे आणि ती आपल्याकडे जास्त होते, कारण शाळेत आपण एम-ई-टी-आर-ई असंच शिकतो. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर खेळल्या जातात. तिच्यात दोन ते पंधरा अक्षरांचे पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत आणि लांबीच्या एककासाठी दोन्ही स्पेलिंगं चालतात. सेंटीमीटर, किलोमीटर, मिलीमीटर यांच्या शेवटी ई-आर लावा नाही तर आर-ई, दोन्ही बरोबर. पण मोजण्याच्या यंत्राला कधीच आर-ई लागत नाही. थर्मोमीटर, बॅरोमीटर, स्पीडोमीटर यांच्या शेवटी ई-आरच. डायमीटर, पेरिमीटर, पॅरामीटर यांचंही तेच. त्यामुळे बोर्डवर एम-ई-टी-आर-ई पडलं असेल तर डोक्यात फक्त लांबीची एककं आणा. टी-एच-ई-आर-एम-ओ हातात असलं तरी ते तिथे वापरता येणार नाही. मायक्रोमीटर मजेशीर आहे. लांबीचं एकक म्हणून त्याला दोन्ही शेवट चालतात, प्रयोगशाळेतल्या मापकाला एकच. बोर्डला अर्थ विचारत नाही, म्हणून खेळात दोन्ही घेता येतात.

एक ओळ, तीन पाळ्या

आता मेट्रिक घेऊ. शब्दाच्या मागे आय-सी लागला की टी आणि आरमधला ई गळतो: मीटरचं मेट्रिक, डायमीटरचं डायमेट्रिक, बॅरोमीटरचं बॅरोमेट्रिक. गळलेला ई परत घालून चुकीचं स्पेलिंग करणारे बरेच असतात.

समजा पहिली पाळी तुमची आहे आणि बोर्डच्या मधल्या ओळीत चांदणीपासून उजवीकडे तुम्ही मेट्रिक लावलं. चांदणी, म्हणजे बोर्डच्या मध्यावरची खूण, आठव्या घरावर असते, म्हणजे शब्द आठ ते तेरा या घरांत बसला. टाइलची बेरीज दहा: एम आणि सी तीन-तीन गुणांचे, बाकीचे एकेक. बाराव्या घरावर अक्षराचे गुण दुप्पट होतात, तिथे आय आहे, म्हणून अकरा. चांदणीमुळे पूर्ण शब्दाचे गुण दुप्पट, एकूण बावीस.

मग कोणी तरी मागे ए-एल लावतो. मेट्रिकल झालं आणि एल पंधराव्या, शब्द तिप्पट करणाऱ्या घरावर गेला. बेरीज बारा, तिप्पट छत्तीस. केवळ दोन टाइलांत.

आता पहिली सात घरं मोकळी आहेत. रॅकवर टी, आर, आय, जी, ओ, एन, ओ असतील तर ट्रिगोनोमेट्रिकल पूर्ण होतो. नव्या सात टाइलांची बेरीज आठ. चौथ्या घरावर अक्षर दुप्पट, तिथे जी येतो आणि त्याचे दोनाचे चार होतात, म्हणजे दहा. मेट्रिकलचे बारा मिळवले की बावीस. पहिल्या घरावर शब्द तिप्पट, म्हणजे सहासष्ट. सातही टाइल वापरल्याचा पन्नासचा बोनस धरून एकशे सोळा. असा रॅक वर्षानुवर्षं येणार नाही. पण हिशोब एकदा हाताने करून पाहिला की मेट्रिक कुठे लावावं आणि त्याच्या आजूबाजूच्या घरांची किंमत काय, हे डोळ्यांना दिसायला लागतं.

रोजच्या खेळात होतं ते याहून साधं. त्याच मेट्रिकच्या आधी आय-एस-ओ लावलं तर तेरा गुण, जी-ई-ओ किंवा बी-आय-ओही तसेच चालतात. व्ही-ओ-एल-यू लावलं तर व्ही चौथ्या घरावर जातो, चाराचे आठ होतात आणि व्हॉल्युमेट्रिकचे एकवीस मिळतात. व्ही ही तशी जड टाइल, दोन अक्षरी शब्दांत ती कुठेच बसत नाही. तिला बाहेर काढायची ही चांगली जागा. प्रतिस्पर्ध्याने मेट्रिकला एस लावला असेल तर ए-एलचा रस्ता बंद होतो, मात्र पुढून बायोमेट्रिक्स, आयसोमेट्रिक्स अजून होतात.

जॉमेट्री, ट्रिगोनोमेट्री, सिमेट्री यांच्या बाबतीत मात्र ही युक्ती चालत नाही. एम-ई-टी-आर-वाय हा स्वतंत्र शब्द नाही, त्यामुळे तो बोर्डवर तयार मिळणार नाही. जॉमेट्री करायचा तर बहुधा बोर्डवरचं एकच अक्षर धरून बाकीची सात हातातून लावावी लागतात.

मेट्रो मापाची नाही

झिरो माइलच्या स्टेशनावर उतरणाऱ्या माणसासमोर एकाच ठिकाणी दोन ‘मेट्र’ असतात. एक सर्वेक्षणाचा, दुसरा गाडीचा. दोघांचं मूळ वेगळं आहे. गाडीची मेट्रो हे मेट्रोपॉलिटनचं लघुरूप, आणि मेट्रोपोलिस म्हणजे मातृनगरी. यातला मेट्र ग्रीक ‘मीटीर’ म्हणजे आई, आपल्या ‘मातृ’चं भावंड. म्हणून मेट्रोपोलिस आणि मेट्रोपॉलिटन हे मापाच्या पानावर लिहू नयेत. गर्भाशयाच्या अस्तराचं नाव एंडोमेट्रियम, अकरा अक्षरांचं, तेही आईच्या घरातलं. मेट्रोनोम मात्र मापाचाच, कारण तो ताल मोजतो.

तिसरा तोतया मीटिऑर, म्हणजे उल्का. त्यात एम-ई-टी-ई नंतर ओ-आर येतं. त्याचा अर्थ आकाशात उंच उचललेलं असा आहे. त्याच्यापासून मीटिऑरॉलॉजी, म्हणजे हवामानशास्त्र, अकरा अक्षरांचं. मापनशास्त्र ते मेट्रॉलॉजी, नऊ अक्षरांचं. मधले ई आणि ओ विसरले की एका शास्त्राचं दुसरं होतं. दोन्ही शब्द बरोबर असल्यामुळे चॅलेंज होत नाही, पण तुम्ही मोजलेली घरं चुकतात आणि शब्द तिप्पट घराच्या दोन घरं आधीच संपतो.

जगन्नाथ आणि सिमेट्री

दुहेरी अक्षरं ही इंग्रजी स्पेलिंगमधली सगळ्यात मोठी डोकेदुखी मानली जाते. कोणत्या शब्दात एक एम आणि कोणत्यात दोन? याचं उत्तर आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात आहे. जगत् आणि नाथ मिळून जगन्नाथ होतं. उत् आणि लेख मिळून उल्लेख, सत् आणि जन मिळून सज्जन. पहिल्या तुकड्याचं शेवटचं व्यंजन पुढच्या तुकड्याच्या पहिल्या व्यंजनासारखं होतं आणि जोडाक्षर तयार होतं. ग्रीक आणि लॅटिनमध्ये नेमकं हेच घडतं.

सिन म्हणजे बरोबर, मेट्र म्हणजे माप. सिन आणि मेट्र जोडताना एनचा एम होतो, म्हणून सिमेट्रीत दोन एम. एक उपसर्गाचा, एक धातूचा. लॅटिन ‘इन’ म्हणजे नकार. तो लीगलला लागला की इल्लीगल होतो, दोन एल. रेग्युलरला लागला की इर्रेग्युलर, दोन आर. मॅच्युअरला लागला की दोन एम. ‘कॉन’ म्हणजे सोबत, त्याचेही कॉम, कॉल, कॉर होतात. पी आणि बीच्या आधी तो नुसता कॉम होतो, म्हणून काँपोर्ट शब्दात एम आहे, एन नाही. ‘ॲड’ म्हणजे कडे, तो तर समोर जे येईल तसा होतो: ॲक, ॲफ, ॲग, ॲल, ॲप, ॲर, ॲस, ॲट.

हे कळलं की ॲकॉमोडेशनचं स्पेलिंग आयुष्यात परत चुकत नाही. ॲड, कॉम आणि मोड असे तीन तुकडे. ॲडचा डी पुढच्या सीसारखा झाला, म्हणून दोन सी. कॉमचा एम आणि मोडचा एम शेजारी आले, म्हणून दोन एम. मोड आणि एशनमध्ये संधीचं कारणच नाही, म्हणून डी एकच. एकूण तेरा अक्षरं. आणि खेळाच्या दृष्टीने पाहिलं तर पिशवीतले दोन्ही सी आणि दोन्ही एम एकट्या या शब्दात जातात.

मापाची लॅटिन शाखाही अशीच उलगडते. तिथे धातू ‘मेन्स’ या रूपात दिसतो. इन आणि मेन्स मिळून इमेन्स, म्हणजे ज्याचं माप नाही ते. आपला ‘अमाप’ तंतोतंत हाच. कॉन आणि मेन्स मिळून कॉमेन्शुरेट, दोन एम. त्याला नकार आणि एबल लावा: इनकॉमेन्शुरेबल. आय-एन-सी-ओ-एम-एम-ई-एन-एस-यू-आर-ए-बी-एल-ई. पुन्हा बरोबर पंधरा. दोन लांबींना सामाईक माप सापडत नसेल तर गणितात हा शब्द वापरतात. मेंटल मात्र या घरातला नाही, त्याचं नातं आपल्या ‘मन’शी.

संधीचा हा नियम इंग्रजीच्या स्वतःच्या उपसर्गांना लावू नका. ‘अन’ आणि ‘मिस’ कधी बदलत नाहीत. ते जसेच्या तसे चिकटतात. मिस आणि स्पेल जोडलं की दोन एस, कारण एक इकडचा आणि एक तिकडचा. अन आणि नॅचरल जोडलं की दोन एन. डिस आणि अपीअर जोडताना एस एकच, कारण पुढे ए आहे. तुकडे पाडून मोजलं की उत्तर आपोआप मिळतं. कानाने मात्र ते कधीच मिळत नाही, कारण दुहेरी अक्षराचा उच्चार इंग्रजीत बहुधा एकेरीच होतो.

स्पष्ट आणि स्पेक्ट

दुसरा धातू स्पेक्ट, म्हणजे पाहणं. संस्कृतात स्पश् असा धातू आहे आणि त्याच्यापासून ‘स्पष्ट’ तयार होतो, म्हणजे नीट दिसलेलं. लॅटिन स्पेक्टस आणि आपला स्पष्ट एकाच साच्यातले आहेत. हे एकदा मनात बसलं की इन्स्पेक्ट म्हणजे आत पाहणं, रिस्पेक्ट म्हणजे वळून पाहणं, सस्पेक्ट म्हणजे खालून, चोरून पाहणं, प्रॉस्पेक्ट म्हणजे पुढे पाहणं, हे ओळीने लागतं.

या घरात एक अक्षर गिळलं जातं आणि तिथे खूप जण फसतात. एक्स आणि स्पेक्ट जोडलं की एक्स्पेक्ट होतं. ऐकू एस येतो, पण तो लिहायचा नाही, कारण एक्सच्या उच्चारात एस आधीच आहे. एक्झिस्ट, एक्झल्ट, एक्झ्यूड यांचंही तसंच. मूळ धातू एसने सुरू होतो आणि एक्सनंतर तो एस गळतो.

रिस्पेक्टची सात अक्षरं हातात आली तर पाच आणखी शब्द त्याच टाइलांतून निघतात. भूत या अर्थाचा स्पेक्टर, ई-आर आणि आर-ई दोन्ही शेवटांनी. राजदंड या अर्थाचा सेप्टर, तोही दोन्ही शेवटांनी. आणि रिसेप्ट्स. सातही टाइल पन्नासच्या बोनसच्या. यातला कोणता लावायचा ते बोर्डवर मागेपुढे किती जागा आहे यावर ठरवा, कारण सगळ्यात लांब वाढतो तो रिस्पेक्ट.

पहिल्या पाळीत रिस्पेक्ट चौथ्या घरापासून लावला तर आर दुप्पट, बेरीज बारा, चांदणीने चोवीस, बोनस धरून चौऱ्याहत्तर. पण आता धोका बघा. पुढे बरोबर तीन घरं उरली आहेत. डी-आय-एस लावला की डिसरिस्पेक्ट, शब्द तिप्पट, पंचेचाळीस गुण प्रतिस्पर्ध्याला. मागे एफ-यू-एल लावून तुम्हीच रिस्पेक्टफुल केलंत, तर अठरा मिळतात, पण समोरच्याकडे एल आणि वाय असतील तर तो रिस्पेक्टफुली करून सहासष्ट घेतो. मग उरलेल्या तीन घरांत डी-आय-एस बसला की डिसरिस्पेक्टफुली, पंधरा अक्षरं, आणखी अठ्ठ्याहत्तर. म्हणून एफ-यू-एल तेव्हाच लावा, जेव्हा एल-वाय तुमच्या हातात आहे आणि डी, आय, एसपैकी निदान दोन तुमच्याकडे आहेत. एसच्या टाइल पिशवीत चारच असतात. हातात दोन एस असतील तर धोका बराच कमी. हातात काहीच नसेल तर रिस्पेक्ट दुसऱ्या घरापासून लावा. पुढे एकच घर उरतं आणि डी-आय-एस बसत नाही. मागे एफ-यू-एल-एल-वाय तेराव्या घरावर संपतो, तिप्पट घर अस्पर्श राहतं.

या धातूचे आणखी दोन पंधरा अक्षरी शब्द बघा: रेट्रोस्पेक्टिव्हली आणि इंट्रोस्पेक्टिव्हली. इर्रिस्पेक्टिव्हली चौदाचा, दोन आर संधीने आलेले. पाहणं आणि मोजणं दोन्ही एकत्र आणणारा शब्द स्पेक्ट्रोफोटोमीटर. सुंदर शब्द, पण सतरा अक्षरं.

बाकीचे थोडक्यात

लिहिणं या अर्थाचा स्क्राइब. त्यात एकच गोष्ट सांभाळायची: टी समोर आला की बीचा पी होतो. डिस्क्राइब पण डिस्क्रिप्शन, प्रिस्क्राइब पण प्रिस्क्रिप्शन. पंधरा अक्षरी हवा असेल तर सर्कमस्क्रिप्शन. प्रिस्क्राइब आणि प्रोस्क्राइब यांत एका अक्षराचा फरक, अर्थ जवळजवळ उलटा, खेळात दोन्ही चालतात.

नेणं या अर्थाचा ड्यूस आणि डक्ट. ड्यूसच्या आधी प्रो, रि, इन, डि, इंट्रो, ट्रान्स हे सगळे लागतात. सुपरकंडक्टर चौदाचा, एस लावला की पंधरा. इथे शेवटी ओ-आर की ई-आर हा प्रश्न येतो. धातूचं टी असलेलं लॅटिन रूप घेतलं असेल, तर बहुतेक ओ-आर: कंडक्टर, इन्स्पेक्टर, स्पेक्टेटर. क्रियापद ई वर संपत असेल, तर ई-आर: प्रोड्यूसर, डिस्क्रायबर. रिपोर्टरमधला टी मूळ धातूतलाच आहे, म्हणून ई-आर. रिस्पेक्टर हा अपवाद, त्याला ई-आरच लागतो.

वही करायची तर एका धातूला एक पान पुरे. मधोमध धातूची सगळी रूपं लिहा, जशी मीटर, मेट्र, मेन्स. डावीकडे लागणारे उपसर्ग, उजवीकडे प्रत्यय, आणि खाली लाल शाईने त्या धातूसारखे दिसणारे तोतये. प्रत्येक जोडणी यादीत तपासून मगच लिहा, तर्काने बरोबर वाटली म्हणून नको. शब्दाशेजारी अक्षरांची संख्या लिहा आणि बोर्डवर किती टाइल जोडाव्या लागतात तेही. नुसत्या शब्दापेक्षा ‘मीटरच्या आधी सहा’ हे खेळताना लवकर आठवतं.

पानाच्या कोपऱ्यात त्या धातूतल्या दुर्मीळ टाइलांची संख्या मांडा. मेट्रच्या पानावर ती एमची. शंभर टाइलांत एम दोनच असतात, वायही दोनच. बोर्डवर कोणी सिमेट्री लावला तर चारही एका झटक्यात संपतात. थर्मोमीटर, मिलीमीटर, मायक्रोमीटर, ॲमीटर यांतही दोन्ही एम जातात. त्यानंतर मापाच्या घरातला नवा शब्द बोर्डवरच्या एमला धरूनच होऊ शकतो, नाही तर एखादी कोरी, म्हणजे हवं ते अक्षर मानता येणारी, टाइल खर्चून. कोऱ्या टाइलही दोनच, आणि तिला एम करण्यापेक्षा सात टाइलांचा बोनस साधायला ठेवणं बहुतेक वेळा फायद्याचं ठरतं.